रेल्वेत जायचे, पण कोणत्या दाराने?

दिवाळी जवळ आली की आमच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर थोडा बदलतो. एरवी विद्यार्थी लिहितात. या दिवसांत वडील मंडळी लिहू लागतात. सहामाही परीक्षा आटोपलेली असते, चार नातेवाईक घरी यायचे असतात आणि "चिरंजीव पुढे काय करणार?" हा प्रश्न फराळाच्या ताटाबरोबरच पुढे येणार हे त्यांना ठाऊक असते. यंदाच्या पत्रांत एक शब्द वारंवार दिसला, तो म्हणजे रेल्वे. म्हणून दिवाळी अंकातील ही जास्तीची पाने त्यासाठीच खर्च करावी असे ठरवले.

बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी गेली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा रेल्वेवर फार लोभ. कल्याण, भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी ही गावे आपल्याला जंक्शने म्हणून जितकी ठाऊक, तितकीच कुणा काका-मामाच्या क्वार्टरमुळेही ठाऊक. कायमची नोकरी, पास, दवाखाना, राहायला जागा ही सारी चित्रे त्या क्वार्टरमध्येच डोळ्यांत भरलेली. पण या लोभापायी एक गोष्ट नजरेआड होते. 'रेल्वेची नोकरी' अशी एक नोकरी नसतेच. इंजिनावरचा मनुष्य, स्टेशन मास्तर, तिकिटाच्या खिडकीमागचा कारकून, शेडमधला फिटर आणि विभागीय कचेरीतला हिशेबनीस यांचे मालक एक. पण यांची आयुष्ये एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. एकाला घड्याळ आहे, दुसऱ्याला नाही. एकाला चष्मा चालतो, दुसऱ्याला चालत नाही. एकाची बायको संध्याकाळी सातला भात लावते, दुसऱ्याची बायको भात केव्हा लावायचा हे फोन आल्यावर ठरवते.

आलेल्या पत्रांतली तीन येथे घेतो. नावे अर्थातच देत नाही.

पहिले पत्र डोंबिवलीच्या एका गृहस्थांचे. मुलगा विद्युत शाखेचा पदविकाधारक. त्याला लहानपणापासून इंजिनाचे वेड, त्यामुळे सहायक लोको पायलटच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. अडचण एकच, डोळ्यांना दीड नंबर आहे. गृहस्थ विचारतात, "लेसरची शस्त्रक्रिया करून चष्मा घालवावा म्हणतो. खर्चाची तयारी आहे. आपले मत काय?"

दुसरे पत्र नागपूरच्या एका आईंचे. मुलगी पदवीधर, हुशार, धीट, चष्मा नाही. अर्जातील पसंतीक्रमात ती स्टेशन मास्तर पहिले लिहू पाहते. आईंच्या मते कचेरीतली कारकुनी पहिली हवी. "रात्रीबेरात्री आडगावच्या स्टेशनात मुलगी एकटी, ही कल्पनाच सहन होत नाही," असे त्या लिहितात.

तिसरे पत्र कुर्डुवाडीच्या एका तरुणाचे, त्याने स्वतःच लिहिलेले. आय. टी. आय.मधून फिटर झाला आहे. रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी मिळत आहे. ती घ्यावी, की ती सोडून घरी बसून भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करावा?

तिन्ही पत्रांत पगाराची चौकशी आहे, म्हणून आकडे आधी सांगून टाकू. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात सहायक लोको पायलट, कारखान्यातला तंत्रज्ञ (तिसरी श्रेणी) आणि कनिष्ठ कारकून हे तिघेही दुसऱ्या पातळीवर, म्हणजे मूळ पगार १९,९०० रुपये. तिकीट कारकून तिसऱ्या पातळीवर, २१,७०० रुपये. मालगाडीचा गार्ड (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि पदवीधर वरिष्ठ कारकून पाचव्या पातळीवर, २९,२०० रुपये. स्टेशन मास्तर आणि कनिष्ठ अभियंता सहाव्या पातळीवर, ३५,४०० रुपये. यावर महागाई भत्ता वगैरे आलेच. इंजिनावरच्या व गार्डच्या नोकरीत किलोमीटरप्रमाणे धाव भत्ताही मिळतो, त्यामुळे मूळ पगार कमी दिसला तरी हातात येणारी रक्कम बरीच फुगते. पुढे सहायकाचा मालगाडीचा लोको पायलट झाला की तोही सहाव्या पातळीवर येतो. नव्या वेतन आयोगाने हे आकडे बदलतील, पण पायऱ्यांचा क्रम फारसा बदलेल असे वाटत नाही.

आता आमचे सांगणे असे की हा तक्ता घडी करून खिशात ठेवावा आणि सर्वांत शेवटी बाहेर काढावा. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, मुलाचे डोळे काय म्हणतात? दुसरा, त्याची झोप कोणाच्या हाती जाणार आहे, आणि ते घराला झेपणार आहे काय?

डोळ्यांचे पाहू. रेल्वेने प्रत्येक कामाला वैद्यकीय वर्ग ठरवून दिले आहेत. इंजिनावरच्या माणसाचा वर्ग सर्वांत कडक, ए-१. दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी ६/६ आणि तीही चष्म्याविना. शिवाय रंग ओळखण्याची, रात्रीच्या व मंद उजेडातल्या दृष्टीची परीक्षा. स्टेशन मास्तर व गार्ड यांचा वर्ग ए-२. तेथे ६/९ चालते, पण तेही चष्म्याविनाच. त्याखालच्या ए-३, बी आणि सी वर्गांत चष्मा चालतो, मात्र काही वर्गांत नंबराला मर्यादा असते. तिकीट खिडकी बी वर्गात येते, कचेरीतली कारकुनी सी वर्गात. कनिष्ठ अभियंत्याची बहुतेक कामे चष्मेवाल्याला मोकळी आहेत.

डोंबिवलीकर गृहस्थांनी येथेच थांबून वाचावे. लेसरने किंवा दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेने नंबर घालवलेला उमेदवार सहायक लोको पायलटच्या जागेला अपात्र ठरतो. जाहिरातीत तसे स्पष्ट छापलेले असते. पण जाहिरातीची ती पाने शेवटी येतात आणि शेवटची पाने वाचण्याइतका धीर आपल्याला नसतो. म्हणजे आपण पैसे मोजणार, मुलगा वेदना सोसणार आणि दार उघडायचे ते नाहीच. दुसरे असे की वैद्यकीय तपासणी होते ती अगदी शेवटी, लेखी परीक्षांचे टप्पे आणि कागदपत्रांची तपासणी पार पडल्यावर. तेथे अडला तर "इंजिन नाही तर नाही, शेडमध्ये घ्या" असे म्हणण्याची सोय नसते. निवड झालेल्या जागेची अट पुरी झाली नाही की त्या भरतीपुरता उमेदवार बाद. अभ्यासाची दोन-दोन वर्षे अशी एका खोलीत, दहा मिनिटांत जातात.

म्हणून अभ्यासाची पुस्तके आणण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. केवळ नंबर नव्हे, रंगांची तपासणीही करून घ्यावी. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक असतो आणि तो घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलाला तांबडा-हिरवा ओळखताना घोटाळा होतो हे रेल्वेच्या डॉक्टरांकडून पहिल्यांदा कळावे, यासारखे दुसरे दुःख नाही. गावातल्या डॉक्टरांकडे ते थोड्या पैशांत आधीच कळते.

नोकरीत आल्यानंतरची गोष्ट मात्र वेगळी आहे, हेही सांगितले पाहिजे. ठराविक वर्षांनी डोळे पुन्हा तपासले जातात, आणि वय वाढेल तशी ही तपासणी लवकर लवकर येते. तेव्हा कुणी त्या वर्गात बसला नाही तर त्याला घरी पाठवत नाहीत. पगाराची पातळी राखून दुसरे काम देतात. तसे संरक्षण कायद्याने आहे. ही माया नोकरीत शिरलेल्यांसाठी आहे, दाराबाहेर उभ्या असलेल्यांसाठी नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता झोप. इंजिनावरच्या माणसाला आठवड्याचा रविवार नसतो. मालगाड्यांवर तर वेळापत्रकही नसते. गाडी तयार होईल तेव्हा बोलावणे येते. लांबची पाळी करून मुख्यालयी परतल्यावर सोळा तासांची विश्रांती, बाहेरगावी रनिंग रूममध्ये आठ तासांची, आणि महिन्यातून चार वेळा सलग तीस तासांची किंवा पाच वेळा बावीस तासांची सुटी, असा नियमांचा साचा आहे. कागदावर हे वाईट दिसत नाही. पण विश्रांती मिळते ती बऱ्याचदा भर दुपारी, शेजारच्या घरात मिक्सर चालू असताना आणि स्वतःच्या घरात मुले शाळेतून आलेली असताना. पुन्हा कामावर चढताना श्वासाची तपासणी होते, सूचनांचे कागद वाचून सही करावी लागते आणि मग प्रत्येक सिग्नलचा रंग दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो. नवा मार्ग आधी फेऱ्या करून शिकावा लागतो, आणि त्यांत रात्रीची फेरीही आलीच. कसाऱ्याहून इगतपुरीला किंवा कर्जतहून लोणावळ्याला सदतिसात एक असा चढ आहे. तेथे मागून ढकलणारी इंजिने जोडतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या घरी पणत्या लागतात, तेव्हा त्या घाटात कुणीतरी डोळे ताणून बसलेला असतोच.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ज्याला हे काम मनापासून आवडते त्याला त्याच्यासारखे दुसरे काम दिसत नाही, असे या धंद्यात हयात घालवलेली माणसे सांगतात. साताऱ्याकडच्या सुरेखा यादव १९८९ साली सहायक चालक म्हणून लागल्या. २०११ साली त्यांनी डेक्कन क्वीन नेली, २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. विद्युत शाखेची पदविका हेच त्यांचेही भांडवल होते. पण अशा नोकरीत उमेदवार एकटा शिरत नाही, सारे घर शिरते. घराची तयारी नसेल तर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले.

यावरून तिन्ही पत्रांची उत्तरे देतो.

डोंबिवलीकर गृहस्थहो, शस्त्रक्रियेचा बेत रेल्वेसाठी करीत असाल तर सोडून द्या. आपल्या चिरंजीवांना इंजिन चालवता येणार नाही. पण इंजिन उघडता येईल, आणि वेड खरे असेल तर ते तेथेही भागेल. पदविकेवर कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा देता येते. दीड नंबर तेथे सहसा आड येत नाही. तरी ज्या जागेला अर्ज कराल त्या जागेचा वैद्यकीय वर्ग जाहिरातीत पाहून घ्यावा. कल्याणसारख्या विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये बिघडलेले इंजिन ठरल्या वेळेत पुन्हा मार्गावर सोडणे हे काही थोडे काम नव्हे. रात्रपाळी तेथेही आहे, पण ती ठरलेली असते. पगाराची पहिली पायरीही वरची आहे, आणि पुढे खात्याअंतर्गत परीक्षा देऊन अधिकारी होण्याची वाट आहे. एकच विनंती, ही बातमी मुलाला "ते जमणार नाही" अशा शब्दांत देऊ नका. त्याला सोबत घेऊन जाहिरातीतले ते पान वाचा. स्वतः वाचलेला नकार माणूस लवकर पचवतो.

नागपूरच्या आईंना सांगायचे ते थोडे निराळे. आपली काळजी रास्त आहे. स्टेशन मास्तराची पहिली नेमणूक लहान स्टेशनावर होऊ शकते, रात्रपाळी चुकत नाही, आणि गाड्या कमी असलेल्या ठिकाणी पाळी बारा तासांचीही असते. पण हे मुलाच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. १९८९ साली एक मुलगी इंजिनावर चढली. २०१७ पासून माटुंगा स्टेशनाचा कारभार स्त्रियांनीच चालवून दाखवला. तेव्हा 'मुलगी आहे म्हणून नको' हे कारण आता पुरे पडत नाही. खरा प्रश्न तिच्या स्वभावाचा आहे.

स्टेशन मास्तराचे काम म्हणजे हिरवे निशाण दाखवणे, अशी आपली समजूत असते. खरे काम आहे ते 'नाही' म्हणण्याचे. पुढच्या स्टेशनाकडून मार्ग मोकळा असल्याचा निरोप आल्याखेरीज गाडी सोडायची नाही; मग फोनवर वरिष्ठ घाई करोत, प्रवासी ओरडोत की गाडी तासभर उशिरा धावत असो. प्रत्येक गोष्ट नोंदवहीत वेळेसह लिहायची. फाटकवाल्याशी बोलताना खुणेचा आकडा द्यायचा-घ्यायचा. सारे शंभर दिवस नीट चालले आणि एकशेएकाव्या दिवशी सिग्नल बिघडला, की पुस्तकातला नियम आठवून त्याच क्रमाने हात चालला पाहिजे. ज्याला दडपणाखाली 'हो' म्हणण्याची सवय आहे, त्याने या खुर्चीत बसू नये. म्हणूनच सहायक लोको पायलट व स्टेशन मास्तर या जागांना संगणकावरची मानसिक चाचणी असते. तिच्या प्रत्येक भागात किमान ४२ गुण हवेत, एका भागात जरी कमी पडले तरी बाद, आणि यात कुणालाच सवलत नाही.

तेव्हा आई, आपल्या मुलीकडे या दृष्टीने पाहा. घरात चारजण एकीकडे असताना ती शांतपणे आपले म्हणणे धरून राहते काय? हिशेबाची वही ती कुणी न सांगता पुरी करते काय? उत्तर होकारार्थी असेल तर पहिली पसंती तिची तिला लिहू द्या. नकारार्थी असेल तर कचेरीतली जागा, जिला टंकलेखनाची परीक्षा असते, ही मुळीच कमी प्रतीची नव्हे. मात्र आपल्या भीतीने तिचा पसंतीक्रम ठरू नये. कारण तो एकदा दिला की बदलता येत नाही, आणि नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असते. परिचयातल्या एखाद्या स्टेशन मास्तरांच्या घरी दोघी मिळून एकदा जाऊन या. त्यांच्याशी तर बोलाच, पण त्यांच्या घरच्यांशी अधिक बोला.

कुर्डुवाडीच्या मित्रा, तुझा प्रश्न सर्वांत नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमके देतो. शिकाऊ उमेदवारी ही नोकरी नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचे ते शिक्षण आहे. विद्यावेतन मिळते, मुदत संपली की प्रमाणपत्र मिळते, आणि रेल्वेवर तुला ठेवून घेण्याचे बंधन नसते. तरीही ती घे. पहिल्या पातळीच्या सरळ भरतीत रेल्वेत उमेदवारी पुरी केलेल्यांना २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात, हे एक कारण. आणि घरी बसून अभ्यास करणाऱ्याचा हात गंजतो, हे दुसरे. दिवसा कारखाना आणि रात्री दोन तास पुस्तक, असा क्रम ठेव. तुझ्या आय. टी. आय.वर तंत्रज्ञाची परीक्षा देता येते आणि डोळे ए-१ असतील तर सहायक लोको पायलटचीही. रेल्वेत खालून वर जाण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. पॉइंट्समनचा स्टेशन मास्तर आणि फिटरचा अभियंता झालेला पाहायला दूर जावे लागत नाही. पण त्या वाटा परीक्षेच्या आहेत, नुसत्या वयाच्या नव्हेत. नोकरी लागल्या दिवशी ज्याने पुस्तक मिटले, तो त्याच पायरीवर बसून राहिला असे समज.

पदवीधर अभियंत्यांच्या पालकांसाठी दोन ओळी. जमालपूरची जुनी शिकाऊ अधिकाऱ्यांची योजना, जिच्या गोष्टी आजोबा सांगतात, ती आता बंद झाली आहे. २०१९ साली आठ सेवांची एक सेवा करण्याचे ठरले आणि काही काळ भरती नागरी सेवा परीक्षेतूनच झाली. २०२४ च्या अखेरीस धोरण पुन्हा बदलले. वाहतूक, लेखा व कर्मचारी विभाग नागरी सेवा परीक्षेतून आणि तांत्रिक विभाग अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून, अशी दोन दारे उघडली. जुन्या ऐकीव माहितीवर मुलाचे वर्ष खर्च करू नये, हे यावरून ध्यानात यावे.

ऐकीव माहितीवरून आठवले. कोळसा टाकणारा फायरमन एके काळी रेल्वेचा कणा होता. आज ते काम उरले नाही. लिव्हर ओढून सिग्नल पाडणारा केबिनमन जाऊन तेथे संगणकाचा पडदा येत चालला आहे, आणि 'कवच' नावाची यंत्रणा चालकाच्या चुकीवर ब्रेक लावू लागली आहे. म्हणून सिग्नल, दूरसंचार व विद्युत या शाखांची समज असलेल्याला पुढे मागणी राहील, असे आमचे मत. पुणे, नागपूर, मुंबईच्या मेट्रोतही त्याच विद्येला किंमत आहे. निवृत्तिवेतनाचे जुने चित्रही डोळ्यांपुढून काढावे. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना जुनी योजना नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आहे, आणि २०२५ च्या एप्रिलपासून निश्चित निवृत्तिवेतनाचा एक पर्यायही आला आहे.

शेवटी एक इशारा, आणि तो ठळक अक्षरांत वाचावा. "आमची वर ओळख आहे, अमुक लाख द्या, नेमणूकपत्र घरी येईल," असे सांगणारा कितीही सभ्य दिसला तरी तो ठग आहे. रेल्वेच्या भरतीची जाहिरात भरती मंडळाच्या स्वतःच्या स्थळावर येते, अर्ज तेथेच भरायचा असतो, आणि तोही एका भरतीसाठी एकाच मंडळाकडे. जागांचे आकडे पाहूनही हुरळून जाऊ नये किंवा हिरमुसू नये. २०२४ च्या जानेवारीत सहायक लोको पायलटच्या ५,६९६ जागा जाहीर झाल्या आणि पुढे त्याच भरतीच्या १८,७९९ झाल्या. आकडे वरखाली होतात; तयारी आपल्या हाती असते.

तर या दिवाळीत एवढे करावे. पाडव्याचा फराळ झाला की आई, वडील आणि मुलगा किंवा मुलगी यांनी तीन वेगळ्या कागदांवर, एकमेकांचे न पाहता, आपापला पसंतीक्रम लिहावा. मग तिन्ही कागद शेजारी ठेवावेत. ते जुळले तर आनंद आहे. जुळले नाहीत, तर अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या रात्री होणारे भांडण आताच, शांतपणे उरकून घेता येईल. आणि कागद कसेही निघोत, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मात्र भाऊबीज होताच घ्यावी.